बॅरेकींना टाळे लागल्यानंतरचे बारा तास : कच्चे कैदी, अपुरे मनुष्यबळ आणि मानसिक उपचार

मुक्ता_दे (धागाकर्ती)

मनोविकारग्रस्तांसोबतचे समाजकार्य हा माझा व्यवसाय आहे आणि गेली सहा वर्षे एका स्वयंसेवी संस्थेतर्फे मी आठवड्यातून दोन दिवस एका मध्यवर्ती कारागृहात जाते. तिथे माझ्यासमोर येऊन बसणारे बहुतेक जण न्यायाधीन बंदी, म्हणजे आपल्या बोलण्यातले कच्चे कैदी असतात. आरोप सिद्ध झालेला नाही, जामीन मिळालेला नाही किंवा मिळूनही जामीनदार उभा राहिलेला नाही, आणि पुढची तारीख कोणती हे खात्रीने सांगणारे जवळ कुणी नाही, अशा स्थितीत ही माणसे महिनोन्महिने राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृहविषयक अहवालानुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्याच वर्षी कारागृहांत ११९ आत्महत्या नोंदवल्या गेल्या.

त्या वर्षी कारागृहांतल्या मनुष्यबळाचे चित्र असे होते. मंजूर पदे ९१,१८१ आणि प्रत्यक्ष कामावर ६३,५७८. आदर्श कारागृह नियमपुस्तिका, २०१६ प्रमाणे दर ५०० बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक हवा. या हिशेबाने देशात साडेअकराशेच्या आसपास माणसे लागतील. राज्यांच्या न्यायव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्ट या अहवालाच्या २०२५ च्या आवृत्तीने हाच आकडा अवघा २५ असल्याचे दाखवून दिले आहे.

तथापि आकडे मांडून हळहळ व्यक्त करावी, एवढ्यासाठी हा धागा काढलेला नाही. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. समुपदेशकांच्या या सगळ्या जागा उद्या भरल्या, तर माझ्या कारागृहातल्या एखाद्या बंद्याची रात्र बदलेल का? मी दुपारी चारला बाहेर पडते. सहाच्या सुमारास बॅरेकींना टाळे लागते आणि ते सकाळी निघते. माझ्या ओळखीतल्या ज्या बंद्यांनी स्वतःला इजा करून घेतली, त्यांतल्या बहुतेकांनी ती या मधल्या वेळात करून घेतली.

एक प्रसंग ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. पहिल्यांदाच आत आलेला एक तरुण दाखल झाल्यापासून चौथ्या दिवशी माझ्याशी बोलला. बोलणे ऐकून मी त्याच्या कागदांवर ‘सतत निरीक्षणाखाली ठेवावे, एकटे ठेवू नये’ असे स्पष्ट लिहिले, वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घेतली आणि समाधानाने घरी गेले. तो कागद दवाखान्याच्या फायलीत राहिला. रात्रपाळीच्या हवालदाराला त्याचा पत्ता नव्हता, कारण दवाखान्याची फाइल बॅरेकीवर जात नाही आणि बॅरेकीची नोंदवही दवाखान्यात येत नाही. शेजारच्या बंद्याला त्या रात्री झोप लागली नव्हती म्हणून मुलगा वाचला. तेव्हापासून मला वाटते की मानसिक उपचार म्हणून आपण ज्याची मोजदाद करतो, त्याच्या आणि रात्रीच्या पहाऱ्याच्या मध्ये एक दरी आहे आणि ती केवळ पदे वाढवून बुजणार नाही. या क्षेत्राशी संबंध आलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

जुना_पहारा

मुक्ताताई, मी तुरुंगाधिकारी म्हणून सेवानिवृत्त झालो. आपण लिहिलेला प्रसंग वाचून राग आला नाही, उलट ओळखीचा वाटला. पहाऱ्याच्या बाजूने हिशेब कसा दिसतो ते लिहितो.

नियमपुस्तिका सांगते की सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा. ऐकायला हे प्रमाण उदार वाटते. परंतु तो आकडा एकूण संख्याबळाचा आहे आणि कारागृह चोवीस तास चालते. तीन पाळ्या धरल्या की सहाचे अठरा होतात. साप्ताहिक सुटी, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वजा केले की अठराचे पंचवीस होतात. मग मुख्य दरवाजा, मनोरे, झडती, मुलाखत कक्ष आणि कार्यालय यांना माणसे द्यावी लागतात, कारण या जागा एक मिनिटही रिकाम्या ठेवता येत नाहीत. उरलेली माणसे बॅरेकींच्या वाट्याला येतात. हे सगळे पदे पूर्ण भरली आहेत असे मानून झाले. वर आपण दिलेली तूट लावा, आणि त्यानंतर बंद्यांची खरी संख्या लावा. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता बरीच वर्षे ८०४ होती. तिथे प्रत्यक्षात तिच्या तिप्पट-चौपट माणसे असल्याचे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. रात्री एका शिपायाकडे तीन-चार बॅरेकींची फेरी असते. गजाआडून विजेरी मारून तो माणसे मोजतो. माणूस आहे एवढेच त्याला दिसते. कसा आहे, हे दिसायला थांबावे लागते, आणि थांबला तर पुढची फेरी चुकते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती बाहेर फारशी बोलली जात नाही. कोठडीत मृत्यू झाला की दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. ही तरतूद अगदी योग्य आहे. पण तिचा खालच्या पातळीवर होणारा परिणाम पाहा. एखादा बंदी ‘धोक्यातला’ आहे असे लेखी आले की ज्याच्या पाळीत तो कागद येतो, त्याच्या गळ्यात ती जबाबदारी पडते. मग तो शिपाई काय करतो? बंद्याला वेगळ्या कोठडीत ठेवण्याची मागणी करतो. नोंदवहीत तसे लिहिले की कर्तव्य पार पडले. ज्याला एकटे ठेवू नये म्हणून आपण लिहिता, तो नेमका त्याच कागदामुळे एकटा पडू शकतो. मी स्वतः उमेदीच्या काळात अशा दोन शिफारशींवर सह्या केल्या आहेत. तेव्हा मला ती दक्षता वाटली होती.

डॉ_अनामिक

मी काही काळ कारागृहाच्या दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी होतो. मनोविकारतज्ज्ञ नव्हे, साधा एमबीबीएस. ‘मानसिक आरोग्य’ म्हटले की नैराश्य आणि समुपदेशन डोळ्यांसमोर येते. माझ्या वेळी मात्र सर्वांत जास्त धावपळ व्हायची ती तिसऱ्या रात्री, आणि तिचे कारण बहुधा दारू असे.

रोज भरपूर पिणारा माणूस अटक होतो तेव्हा त्याची दारू एका क्षणात तुटते. पहिल्या चोवीस तासांत हात थरथरणे, घाम आणि निद्रानाश सुरू होतो, काहींना झटके येतात आणि दोन-तीन दिवसांनी काहींना वाताचा झटका बसतो. माणूस भिंतीवर किडे पाहतो, दिवस-रात्र विसरतो, अंगावर धावून जातो. उपचार न झाल्यास यात जीव जाऊ शकतो, आणि वेळेवर औषध व थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) मिळाले तर बहुतेक जण काही दिवसांत पूर्ववत होतात. आता या घड्याळाची कारागृहाशी सांगड घाला. आवक संध्याकाळी होते, कारण न्यायालयाचे कामकाज संपल्यावर गाड्या निघतात. वीस-पंचवीस माणसे एकदम येतात. एक डॉक्टर आणि एक मिश्रक (कंपाउंडर) मिळून त्यांची वजने, जखमा आणि जुने आजार नोंदवतात. ‘दारू पितोस का?’ या प्रश्नाला पोलिसांसमोर उभा असलेला माणूस ‘नाही’ असेच उत्तर देतो. तिसऱ्या रात्री तो बॅरेकीत आरडाओरडा करतो, इतर बंदी वैतागतात, आणि पहाऱ्याला तो ‘नाटक करणारा’ किंवा ‘वेडा’ वाटतो. पहिल्या अर्थाने शिक्षा होते, दुसऱ्या अर्थाने तो एकटा पडतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३१ नुसार कारागृहातील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसिक उपचाराचे प्रशिक्षण देणे शासनावर बंधनकारक आहे आणि या अधिनियमाखालील नियमांत दाखल होताना मानसिक तपासणी व व्यसनाची विचारणा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मी कामावर होतो तेव्हा मला असे प्रशिक्षण मिळाले नव्हते. व्यसनमुक्ती विभागात काम केलेल्या एका मित्राला फोन करून मी औषधाची मात्रा ठरवत असे.

मी एकच लहानसा बदल करू शकलो. तपासणीच्या वेळी पोलिसांना दाराबाहेर थांबायला सांगितले, आणि प्रश्न ‘पितोस का’ असा न विचारता ‘शेवटची कधी घेतली’ असा विचारू लागलो. खरी उत्तरे मिळू लागली. यासाठी कोणतेही नवे पद लागले नाही. अर्थात माझी बदली झाल्यावर ते चालू राहिले की नाही, हा निराळा भाग.

सावली_७१

मी व्यावसायिक नाही. माझा धाकटा भाऊ सात महिने कच्चा कैदी होता. भावाला द्विध्रुवीय मनोविकार (बायपोलर) आहे आणि अकरा वर्षे तो लिथियम या औषधावर स्थिर होता. अटकेच्या दिवशी मी औषधाची पिशवी घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तिथून न्यायालयात, तिथून कारागृहाच्या दरवाजावर. बाहेरचे औषध आत घेता येत नाही, असे सांगण्यात आले. सुरक्षेच्या दृष्टीने ते मला समजते. पण आतल्या दवाखान्यात लिथियम नव्हते, आणि बाहेरच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय ते मागवता येत नव्हते. बाहेर न्यायला पोलिसांची कैदी पार्टी, म्हणजे बंद्यांची ने-आण करणारी तुकडी, लागते. तीन वेळा दिवस ठरला आणि तिन्ही वेळा पार्टी मिळाली नाही, कारण एकदा सणाचा बंदोबस्त होता, एकदा कुणा मंत्र्यांचा दौरा, आणि तिसऱ्या वेळेचे कारण मला कळले नाही.

पाचव्या आठवड्यात भावाला उन्मादाचा झटका आला. सहबंद्याशी मारामारी झाली आणि त्याच्यावर आत आणखी एक गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे मूळ प्रकरणात जामीन मिळण्याच्या सुमारास दुसरे प्रकरण उभे राहिले.

मला कुणा व्यक्तीविरुद्ध तक्रार करायची नाही. तिथला एक शिपाई रोज मला दरवाजावर ‘आज जेवला हो तो’ एवढे सांगत असे, आणि त्या वाक्यावर आमच्या घरातली रात्र निघत असे. त्याला हे सांगण्याची परवानगी होती की नव्हती, ते मी कधी विचारले नाही.

फौजदारी_वकील

सावलीताई, आपण जे लिहिले आहे ते दुर्दैवाने अपवादात्मक नाही. धाग्याच्या मूळ मुद्द्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका बाबतीत मतभेद नोंदवतो.

माझ्या पक्षकारांपैकी पुष्कळांना समुपदेशकाहून तारखेची गरज अधिक असते. कैदी पार्टी नसल्याने माणूस न्यायालयात आणला जात नाही किंवा दूरचित्रसंवादावर अर्ध्या मिनिटासाठी दाखवला जातो. पुढे काय झाले हे त्याला कुणी सांगत नाही, आणि तो बॅरेकीत परत जाऊन स्वतःच्या मनाने अर्थ लावत बसतो. अशा माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवणे मला थट्टेसारखे वाटते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचे) कलम ४७९ पहिल्यांदाच गुन्ह्याचा आरोप झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर मुक्ततेचा मार्ग देते. अर्थात मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ते लागू होत नाही. ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. जामीनदाराअभावी अडकलेल्या गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, जिच्यात कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक मदत होऊ शकते. हे दोन्ही नीट राबवले, तर मुक्ताताईंसमोरची रांग आपोआप आखडेल. (आता सावलीताईंच्या भावाकडे पाहा. आजारामुळे नोंदला गेलेला दुसरा गुन्हा या कलमाचा दरवाजाच बंद करतो.)

‘कागद पोहोचला नाही’ या मुद्द्यावर मात्र आसाममधील माचांग लालुंग यांचे प्रकरण आठवते. १९५१ मध्ये त्यांना कच्चा कैदी म्हणून अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. १९६७ मध्ये ते बरे असल्याचे रुग्णालयाने कळवले. खटला चालला नाही, सुटकाही झाली नाही. २००५ मध्ये एक रुपयाच्या वैयक्तिक बंधपत्रावर ते बाहेर आले तेव्हा ५४ वर्षे उलटली होती. त्यांच्याबाबतीत रुग्णालय होते, डॉक्टर होते, कारागृह होते, न्यायालयही होते. एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर वाचला गेला नाही, एवढेच.

मुक्ता_दे

वकीलसाहेब, थट्टेचा मुद्दा मान्य आहे. माझ्या दिवसातला निम्मा वेळ तारखा शोधण्यात आणि घरी निरोप देण्यात जातो, आणि त्याने जेवढी माणसे झोपू लागतात तेवढी माझ्या प्रशिक्षणाने झोपत नाहीत. परंतु तारीख मिळाली की सगळे शांत होतात, असेही नाही. सावलीताईंच्या भावाला तारीख नको होती, लिथियम हवे होते, आणि त्या औषधाला रक्ताची नियमित तपासणीही हवी असते, कारण उन्हाळ्यात कोंदट बॅरेकीत पाणी कमी पडले की तेच औषध अंगावर उलटू शकते. डॉक्टरांच्या तिसऱ्या रात्रीच्या रुग्णालाही जामिनाने आराम पडणार नव्हता. शिवाय मला एक गट असा भेटतो, ज्याला तारीख मिळाल्यावरच धोका वाढतो. कौटुंबिक गुन्ह्यातल्या माणसाला न्यायालयात घरचे समोर दिसतात आणि तो परत आल्यावर बोलेनासा होतो.

जुना पहारा काका, वेगळ्या कोठडीबद्दल आपण लिहिलेले वाचून मी माझ्या शिफारशीतले वाक्य बदलायचे ठरवले आहे. ‘एकटे ठेवू नये’ ऐवजी कोणत्या बॅरेकीत, कोणाशेजारी आणि किती दिवस, हे लिहीन. ते दवाखान्याच्या फायलीत नव्हे तर पाळीबदलाच्या नोंदवहीत जावे, यासाठी काय करता येईल?

जुना_पहारा

नोंदवहीत बाहेरच्या व्यक्तीला लिहिता येत नाही. पण पाळी बदलताना सुभेदार (शिपायांचा वरिष्ठ) तोंडी सूचना देतो, आणि शिपायाच्या लक्षात तीच राहते. अधीक्षकांकडून एवढीच परवानगी मागा की संध्याकाळच्या पाळीबदलाला दवाखान्यातला परिचारक पाच मिनिटे उभा राहील आणि आज कोणाकडे लक्ष द्यायचे ते नावानिशी सांगेल. आजाराचे नाव सांगायचे नाही. ते गुपित आहे आणि बॅरेकीत फुटले तर त्या माणसाची टिंगल होते. मी शेवटच्या नेमणुकीत हे दीड वर्ष करून पाहिले. ज्या आठवड्यांत परिचारक रजेवर असे, त्या आठवड्यांत ते बंद पडे. मनुष्यबळाचा प्रश्न तिथेही सुटत नाही, हे कबूल करतो.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने जून २०२३ मध्ये काढलेल्या सल्लापत्रकात निवडक बंद्यांनाच प्रशिक्षण देऊन धोक्यातले सहबंदी ओळखायला शिकवावे, असे सुचवले आहे. आपल्या तरुणाला जागणाऱ्या शेजाऱ्याने वाचवले, ते याच जातीचे काम होय. माझे मत मात्र सावध आहे. बॅरेकीत आधीपासून एक उतरंड असते आणि आपण ज्याला जागल्या म्हणून नेमू, तो त्या उतरंडीतला वरचा माणूस निघाला तर दुबळ्याचे गुपित त्याच्या हाती जाते. निवड अधिकाऱ्याने एकट्याने करू नये. मुक्ताताईंसारख्यांना विचारून करावी, आणि माणसे दर काही महिन्यांनी बदलावीत. दुसरे म्हणजे, हे रक्षकांच्या रिकाम्या जागांना पर्याय म्हणून वापरले जाईल, ही भीती मला आहेच. बंद्याकडून हे काम फुकट होते.

डॉ_अनामिक

काकांच्या भीतीत भर घालतो. शिपायांच्या मनाचा विचार कुणी करत नाही. माझ्याकडे औषधासाठी येणाऱ्यांत कर्मचारीही असत, संध्याकाळी, कुणी नसताना. सलग पाळ्या, झोपेचा बट्ट्याबोळ आणि वर चौकशीची टांगती तलवार. त्यांतल्या दोघांना मी झोपेची गोळी नाकारली आणि रजेची शिफारस दिली. रजा एकालाच मिळाली.

सावली_७१

वकीलसाहेब, एक व्यावहारिक प्रश्न विचारते, कारण माझ्यासारखी माणसे शोधत शोधत इथे येतात. अटक झाल्यावर पहिल्या दिवशी मी नेमके काय करायला हवे होते?

फौजदारी_वकील

पोलीस ठाण्यात किंवा कारागृहाच्या दरवाजावर औषध देण्याचा आग्रह धरण्यात पहिला दिवस घालवू नये. आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा हजर करतात, त्याच वेळी वकिलामार्फत लेखी अर्ज द्यावा. अर्जात आजार, औषधाचे शास्त्रीय नाव, मात्रा, ते खंडित झाल्यास होणारा धोका आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र असावे. औषध चालू ठेवण्याचा आदेश कारागृह अधीक्षकांच्या नावे मागावा आणि त्याचा उल्लेख न्यायालयीन कोठडीच्या वॉरंटवरच करण्याची विनंती करावी, कारण आरोपीबरोबर तो कागद हमखास आत जातो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो. प्रकृती गंभीर असल्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १०३ खाली मनोविकार उपचाराच्या ठिकाणी हलवण्याची मागणी करता येते. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

सावली_७१

डॉक्टरांची चिठ्ठी वर्षभरापूर्वीची असेल तर चालते का? भाऊ स्थिर असल्याने आम्ही वर्षातून एकदाच जात असू.

डॉ_अनामिक

जुनी चिठ्ठी मी स्वीकारत असे, पण सोबत औषध दुकानाच्या अलीकडच्या पावत्या आणि लिथियमचा शेवटचा रक्त अहवाल असेल, तर आतल्या डॉक्टरला तज्ज्ञाची वाट न पाहता तेच औषध लिहिण्याचे धैर्य होते. या तिन्हींच्या प्रती घरात एका पाकिटात ठेवा आणि पाकीट कुठे आहे हे भावाखेरीज आणखी एकाला माहीत असू द्या.

मुक्ता_दे

दवाखान्याच्या परिचारकाने पाळीबदलाला उभे राहावे यासाठी अधीक्षकांच्या नावे पत्र लिहायला घेतले आहे. मसुदा उद्या इथे टाकते. जुना पहारा काका, सुभेदारांना त्यातला कोणता शब्द खटकेल तेवढे पाहून सांगा.